खुराड्याची वही

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज ठरलं. परसात पुन्हा कोंबड्या पाळायच्या. मी लहान असताना आईकडे पंधरा-वीस असायच्या. घराचं काम निघालं तेव्हा खुराडं मोडलं, ते परत कोणी बांधलं नाही. चिपळूणपासून १४ किलोमीटरवरच्या वाडीत राहून धाकट्याला (तिसरीत आहे) खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी कशी असते ते पुस्तकातलं चित्र दाखवून सांगावं लागलं, तेव्हा मला वाईट वाटलं.

वही ठेवायची हा हट्ट थोरलीचा. ती सातवीत आहे. तिने मागच्या पानांवर तक्ता आखलाय: प्रत्येक पक्ष्याला एक ओळ, पुढे लस १, लस २, लस ३ असे चौकोन. पक्षी अजून एकही नाही, पण चौकोन तयार आहेत.

पिल्लं मात्र लगेच आणायची नाहीत. जानेवारीत उदगीरला कावळे मेले, उरणजवळ चिरनेरला कोंबड्या मेल्या, दोन्हीकडे बर्ड फ्लूच निघाला. रोग सापडला की सरकार १ किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतं आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतं. आपण लांब आहोत, पण पिल्लांचे टेम्पो कुठून कुठे जातात कोण जाणे. आईला २००६ सालचं नवापूर आठवतं. देशात पहिल्यांदा तिथे हा रोग सापडला तेव्हा तिने महिनाभर घरात अंडं शिजवलं नव्हतं, स्वतःच्या कोंबड्यांचंसुद्धा. मार्चपर्यंत थांबू.

१६ फेब्रुवारी, रविवार

खुराड्याचा पाया. आत ६ बाय ५ फूट, म्हणजे ३० चौरस फूट. रात्रीपुरतं एका कोंबडीला निदान दोन चौरस फूट धरलं तर १२ ते १५ मोठे पक्षी आरामात. खाली दीड फूट जांभ्याचे चिरे, त्यावर जाळी, वर पत्रा.

जाळीवरून माझं आणि हिचं अर्धा तास चाललं. मी सहा कोनी भोकांची स्वस्त कोंबडीजाळी आणणार होतो. हिच्या माहेरी उदमांजराने तीच जाळी दातांनी फाडून एका रात्रीत सात कोंबड्या मारल्या होत्या. ती म्हणाली, "ती जाळी कोंबडी आत ठेवते, बाकीच्यांना बाहेर ठेवत नाही." अर्धा इंची वेल्डमेश आणली. दुप्पट पैसे गेले. तिचं बरोबर आहे.

बसायला बांबू लावणार होतो, तोही आईने काढायला लावला. गोल, गुळगुळीत बांबूवर कोंबडीचा पाय नीट धरत नाही. किंजळीची दोन इंच रुंदीची फळी होती, तिच्या कडा तासून दोन दांड्या केल्या. दोन्ही एकाच उंचीवर. वर-खाली लावल्या तर सगळ्यांना वरच्याच दांडीवर जायचं असतं आणि रोज संध्याकाळी मारामारी होते.

दाराला कडी दोन. एक वर, एक खाली.

९ मार्च, रविवार

२० पिल्लं आली. ग्रामप्रिया, एक दिवसाची. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पाळणुकीसाठी काढलेली ही जात. अंडं तपकिरी आणि गावठीपेक्षा पुष्कळ जास्त, पण ती सहसा खुडूक होत नाही, त्यामुळे पिल्लं काढायला गावठी कोंबडी लागणारच. शेजारच्या काकी म्हणाल्या, "माझी तांबडी बसायच्या बेतात आहे, ती घेऊन जा."

पडवीत पुठ्ठ्याचं गोल कडं केलंय. चौकोनी खोका नको, पिल्लं कोपऱ्यात चेंगरतात. खाली भाताचं तूस, त्यावर पहिले दोन दिवस वर्तमानपत्र, म्हणजे ती तूस खाणार नाहीत. वर ६० वॅटचे दोन बल्ब. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी करायची. थर्मामीटर लावलाय, पण खरं पिल्लांकडे बघूनच कळतं. बल्बखाली गोळा झाली की थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी ठेवली की उकडतंय, सगळीकडे पसरून टिपत असली की ठीक.

आधी गुळाचं पाणी, मग दोन-तीन तासांनी भरडलेला मका. धाकट्याने प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवली. वीस वेळा "पी बाळा" म्हणाला. ही दाराआड उभी राहून ऐकत होती.

११ मार्च

पहाटे अडीचला लाइट गेली. मला जाग आली चारला. सगळी पिल्लं एका ढिगात. खालची दोन मेलेली.

आई उठली. तिने चुलीत जाळ केला, पिल्लं टोपलीत भरून चुलीपासून हातभर लांब ठेवली, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये घातल्या. तासाभराने चिवचिव सुरू झाली. उरली १८. आजपासून रात्री थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि शेजारी दोन रिकाम्या बाटल्या. लाइट गेल्यावर वाजणारा एक स्वस्तातला गजर मिळतो, तो आणायचा.

थोरलीने तक्त्यातल्या दोन ओळींवर रेघ मारली. पट्टी धरून, नीट.

१४ मार्च

शिमगा. पालखी अंगणात आली. ढोलाच्या आवाजाने पिल्लं दबून बसली, म्हणून कड्यावर गोणपाट टाकलं. दोघांच्या बुडाला विष्ठा चिकटून वाळली होती. तशीच राहिली तर वाट बंद होऊन पिल्लू मरतं. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढली, ओढली नाही.

१५ मार्च, शनिवार

तांबडी आली. काकींनी काखेत धरून आणली, ती वाटेत एकदाही ओरडली नाही. संध्याकाळी बसवली. मोठी टोपली, खाली राख, वर पेंढा, त्यावर ११ गावठी अंडी. सगळी आठवड्याच्या आतली. आईने अंड्यांत एक लोखंडी खिळा ठेवला. मेघगर्जनेने अंडी फुकट जातात म्हणून तो ठेवायचा. मार्चमध्ये कुठली गर्जना, पण खिळा राहू दे.

तांबडी आधी उभी राहिली, चोचीने एकेक अंडं स्वतःच्या छातीखाली ओढलं, मग पिसं फुगवून बसली. पोरं पंधरा मिनिटं हलली नाहीत.

१६ मार्च, रविवार

पहिली लस. लासोटा, रानीखेत रोग म्हणजे आपल्याकडची मानमोडी, तिच्यावरची. कुपी १०० डोसांची येते आणि आपली पिल्लं १८. एकदा कालवली की दीड-दोन तासांत संपवायची, नाहीतर फुकट. म्हणून काल संध्याकाळीच वाडीत सांगून ठेवलं होतं. सकाळी सातला सहा घरांतून डालगी घेऊन माणसं आली. थर्मासमध्ये बर्फ, लस त्यात, अंगणात सावलीत खुर्ची. ती जिवंत लस असते, ऊन लागलं की मरते. प्रत्येकाच्या डोळ्यात एक थेंब, पक्ष्याने डोळा मिटून उघडेपर्यंत धरून ठेवायचं. थोरली चौकोनात तारीख घालत गेली.

तांबडीला दिली नाही. आई म्हणाली, "कालच बसलीय, उठवू नको रे तिला. अंडी थंड होतील." उतरल्यावर देऊ.

२२ मार्च

अंडी बघितली. अंधार करून मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं, मधे एक ठिपका. ११ पैकी दोन स्वच्छ पिवळी, म्हणजे पोकळ. ती काढली. नवव्या अंड्यातला ठिपका हलला. धाकटा किंचाळला आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला, तांबडी घाबरेल म्हणून.

तांबडी दिवसातून एकदा उठते. दहा-पंधरा मिनिटं. भसाभसा खाते, पाणी पिते, राखेत लोळते, लांब जाऊन मोठी शीट टाकते आणि धावत परत.

५ एप्रिल, शनिवार

एकविसावा दिवस. नवापैकी आठ निघाली, एक अंडं कुजलं होतं. काल रात्रीपासून अंड्यांतून आवाज येत होता आणि तांबडी खालून हळू आवाजात उत्तर देत होती. ते मी पहिल्यांदाच ऐकलं. आईला माहीत होतं. ती म्हणाली, "बाहेर यायच्या आधीच ओळख होते."

एकूण १८, ८ आणि तांबडी: २७.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. ग्रामप्रियांना लासोटाचा दुसरा डोस, २८वा दिवस. तांबडीच्या डालग्याजवळ गेलो तर तिने मनगटावर टोचलं, रक्त आलं. पिल्लं एका दिवसाची. पुढच्या खेपेला.

१२ एप्रिल

तांबडीच्या आठांना पहिला डोस. काकींनी तिला घोंगडीखाली दाबून धरली, मी पिल्लं एकेक बाहेर काढली. ती आतून इतकी ओरडत होती की तिला तेव्हाच लस द्यायचं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. आठवं पिल्लू आत ठेवून आम्ही लांब पळालो.

२० एप्रिल

घारीने दोन पिल्लं नेली. दोन दिवसांत दोन, दोन्ही वेळा दुपारी. तांबडीने एकदा घारीवर उडी घेतली, तिच्या पाठीची पिसं अंगणभर पडली होती. परसात मांडव घालून त्यावर नारळाच्या झावळ्या टाकल्या. वरून घारीला दिसत नाही आणि खाली सावली मिळते.

११ मे, रविवार

तिसरी लस, आर-२-बी. हिला मुक्तेश्वर असंही म्हणतात. ही मोठ्या पक्ष्यांची, टोचायची असते, आठ आठवड्यांनंतर. सगळ्या ग्रामप्रिया झाल्या. तांबडीच्या सहाही पिल्लांचा दुसरा लासोटा आठवड्यापूर्वीच झालाय. तांबडी पिल्लं घेऊन पऱ्याकडे (ओढ्याकडे) गेली होती, हाका मारून आली नाही. उन्हं चढली, लस संपली, लोक गेले.

२१ मे

कालपासून पाऊस. वळवाचा म्हणावा तर थांबत नाही. झापं (विणलेल्या झावळ्यांचे आडोसे) मृगाच्या आधी लावू असं मी म्हणत होतो, कारण दरवर्षी असंच करतात. अजून रोहिणीसुद्धा लागल्या नाहीत. पश्चिमेकडून झड आली आणि खुराड्याच्या निम्म्या भागातलं तूस चिंब.

२६ मे

मॉन्सून मुंबईत पोचल्याची बातमी. इतक्या लवकर तो आल्याची नोंदच नाही म्हणतात. इथे सहा दिवस ऊन नाही.

सकाळी विष्ठेत रक्त दिसलं. रक्ती हगवण. ओल्या, उबदार तुसात हिचे जंतू पिकतात आणि पिल्लं तेच तूस टोचत बसतात. तीन दिवस मी ओल्यावर कोरडं तूस टाकत राहिलो. ते चुकलं, ओलं काढूनच टाकायला हवं होतं.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणलं, पाच दिवस पिण्याच्या पाण्यातून, डॉक्टरांनी लिहिलेल्या मापाने. बाकी सगळं पाणी बंद, नाहीतर अंगणातल्या डबक्यातलं पितात.

२९ मे

तीन गेली. दोन ग्रामप्रिया, एक तांबडीचं. उरले २२.

आज सुट्टी टाकली. सगळं तूस उपसून लांब नेलं, जमीन खरवडून चुना मारला, दिवसभर कोरडी होऊ दिली. पक्षी पडवीत. पडवीभर घाण, चपलांत घाण, धाकट्याच्या दप्तरावर घाण. ही दिवसातून चार वेळा फरशी पुसत होती आणि एकदाही काही म्हणाली नाही. संध्याकाळी तिन्ही बाजूंना झापं बांधली, पत्रा दीड फूट पुढे काढला, पागोळ्यांचं पाणी लांब जाईल असा चर खणला. आता तूस रोज हाताने चाचपायचं: मुठीत धरून दाबलं आणि गोळा झाला की ओलं, मूठ उघडल्यावर सुटलं की ठीक.

१८ जून

मुंगूस. भर दुपारी, करवंदीच्या जाळीतून. एक ग्रामप्रिया तलंग, म्हणजे अजून अंडी न देणारी तरणी कोंबडी, गेली. थोरलीने बघितलं, दगड मारला, पण त्याने मान धरली होती. आजपासून दुपारी सगळी आत, शाळा सुटल्यावर चारला सोडायची. २१.

१३ जुलै

नऊ कोंबडे झालेत. ग्रामप्रियांत १५ पैकी ७, तांबडीच्या पाचांत २. पहाटे चारपासून आरवतात, त्याचं काही नाही, पण दिवसभर झुंजतात. तुरे रक्ताळलेले, आणि तलंगांच्या पाठीची पिसं गेलेली. दहा-बारा माद्यांना एक नर पुरतो. खाद्याचं पोतंही आता अठरा दिवसांत संपतं.

रात्री जेवताना बोलणं काढलं. पिल्लं आणली तेव्हाच हे मुलांना सांगायला हवं होतं, आम्ही टाळलं. धाकट्याने तांबडीच्या एका कोंबड्याचं नाव राजा ठेवलंय. तो दप्तर टाकून रडत परसात गेला. थोरलीने विचारलं, "मग आपण पाळतो कशाला?" आईने उत्तर दिलं. घरचा पक्षी सहा महिने मोकळा फिरतो, आपल्या हातचं खातो, आणि खायचाच असेल तर तोच खावा. थोरली गप्प राहिली. तिला ते पटलं असं मला वाटत नाही आणि पटलंच पाहिजे असंही नाही.

ठरलं ते असं. राजा राहील. एक काकींना, तांबडीच्या बदल्यात. चार विकायचे. तीन घरी.

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावास्या. उद्यापासून श्रावण. कापायला देण्याआधी आईने तिघांना ओंजळीने पाणी पाजलं. मुलं तेव्हा शाळेत होती, तसं मुद्दाम केलं. संध्याकाळी दिव्यांची आरास झाली, काकींकडची माणसं आली, कोंबडी-वडे झाले. थोरलीने वरण-भात खाल्ला. कोणी काही म्हटलं नाही, हिने तिच्या भातावर तूप जरा जास्त वाढलं.

खुराड्यात आता ११ तलंगा, तांबडी आणि राजा. १३.

२२ ऑगस्ट

पहिलं अंडं! खोपट्यात (अंडी घालायच्या जागेत) नाही, पायलीएवढ्या जुन्या टोपलीत, जिच्यात तांबडी बसली होती. लहान, तपकिरी, कवचावर रक्ताची बारीक रेघ. तलंगेच्या पहिल्या अंड्याला तशी असते, घाबरायचं नाही. धाकट्याने ते दोन्ही हातांत धरून घरभर दाखवलं. अजून गरम होतं. आईने देवासमोर ठेवलं आणि मग त्यालाच उकडून दिलं. त्याने चार तुकडे केले आणि पाचवा आजीला कसा द्यायचा म्हणून परत कापत बसला.

२ सप्टेंबर

गणपती आले २७ ऑगस्टला, आज गौरी-गणपती गेले. या सात दिवसांत घरात अंडं शिजत नाही आणि तलंगांना त्याचं काही नाही. ३४ अंडी साठली. तांदळाच्या पिंपात, टोक खाली करून. धुतलेली नाहीत. अंड्यावर जन्मतः एक पातळ थर असतो, धुतला की तो जातो आणि छिद्रांतून घाण आत शिरते. माखलेलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसायचं. मुंबईची पाहुणे मंडळी जाताना सहा-सहा घेऊन गेली. गाडीत वाटीएवढं तूस भरलेल्या डब्यांतून.

२१ सप्टेंबर

पातळ कवचाची अंडी, दोन तर नुसत्या पापुद्र्याची. एक फुटलं, कोंबड्यांनी खाल्लं, आणि आता त्यांतली एक, ठिपकी, मुद्दाम फोडून खाते. ही सवय एकीला लागली की सगळ्यांना लागते.

कवचाला चुना लागतो. घरात तिसऱ्या झाल्या होत्या, त्यांच्या शिंपल्या चुलीत भाजून खलबत्त्यात भरड कुटल्या आणि वेगळ्या करवंटीत ठेवल्या. खाद्यात मिसळल्या नाहीत. जिला लागतात ती तेवढ्या खाते. अंडी दिवसातून तीनदा काढायची, खोपट्यावर गोणपाटाचा पडदा टाकून अंधार करायचा.

५ ऑक्टोबर

वरच्या घरात दोन दिवसांत चार कोंबड्या मेल्या. बाजारातून नव्या दोन आणल्या होत्या, त्या आधी. हिरवट पांढरी हगवण, चोच उघडी टाकून श्वास, मग मान पिळवटते. मानमोडी. नावच तसं आहे. रानीखेत हे उत्तराखंडातल्या गावाचं नाव लागलेलं, पण आपल्या माणसांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच नाव दिलं.

पक्षी सोडणं बंद. वरच्या घरी जायचं नाही, गेलंच तर चपला बदलायच्या. दारात चुन्याचं पोतं अंथरलं. मेलेल्या कोंबड्या पऱ्यात टाकू नका म्हणून घरोघर सांगून आलो. पऱ्याचं पाणी खाली तीन वाड्यांना जातं. दोघांनी ऐकलं, एकाने टाकल्याच. मला फार राग आला. खड्डा खणायला मी येतो म्हणालो तरी.

रात्री थोरलीने तक्ता काढला. अकरा तलंगा, राजा: चौकोन भरलेले. तांबडीच्या पोरांची आर-२-बी जूनमध्ये झाली होती. तिने सगळ्यांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, तांबडीचे तिन्ही रिकामे आहेत."

९ ऑक्टोबर

तांबडी सकाळी दांडीवरून उतरली नाही. उतरवली तर एक पाय ओढत होती. घरात वेगळी ठेवली, डालग्याखाली, दिव्याजवळ. याला औषध नाही, डॉक्टर फोनवर तेच म्हणाले. पाणी चमच्याने पाजलं. संध्याकाळी मान वळायला लागली, डोकं पाठीकडे. काकी येऊन बसल्या. धाकटा पडवीच्या दारात उभा राहून तिच्याशी बोलत होता, त्याला आत येऊ दिलं नाही.

१० ऑक्टोबर

पहाटे गेली.

फणसाखाली तीन फूट खड्डा, खाली चुना, वर चुना, वर दगड. आई म्हणाली, "मीच म्हटलं होतं, उठवू नको." मी म्हटलं, तू एकदा म्हणालीस, नंतर दोनदा मी राहू दिलं आणि एकदा ती हातात असूनही सुचलं नाही. बसलेली कोंबडी पाच मिनिटं उठवली तर अंड्यांना काही होत नाही, ती रोज स्वतःच दहा मिनिटं उठते. २२ मार्चच्या पानावर मीच लिहून ठेवलंय.

१९ ऑक्टोबर

वाडीत एकूण २६ मेल्या. आमच्या बाकी १२ ठीक. खाणं-पिणं व्यवस्थित, अंडी मात्र निम्म्यावर. नवीन मरतूक नाही. पंधरा दिवस होईपर्यंत बाहेर सोडत नाही.

मार्चमध्ये लस द्यायला सहा घरं आली होती, मेमध्ये तीन. आज संध्याकाळी अंगणात अकरा घरांची माणसं जमली. ठरलं: दर तीन महिन्यांनी कुपी आमच्याकडे येईल, खर्च घरटी वाटून, तारीख थोरली सांगेल. तिने नवी वही घातली, सगळ्या घरांची.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतरही पाऊस, भात आडवं झालं. उरलंसुरलं कापून आणलं. मळणीनंतर खळ्यात कोंबड्या सोडल्या, सांडलेला दाणा दाणा टिपला. आठवडाभर पोत्यातलं खाद्य जवळपास लागलं नाही.

दोघी चार दिवस अंडी देत नव्हत्या. पेंढ्याच्या उडवीखाली सापडली, चौदा. बादलीत टाकून बघितली: आडवी राहिली ती ताजी, उभी राहिली ती आधी खायची, तरंगली ती टाकली. तीन टाकली.

२३ नोव्हेंबर

हिने खुराड्यातलं तूस सरळ मिरच्यांना घातलं होतं, मूळ जळून नऊ रोपं गेली. ताजी विष्ठा फार उष्ण. आता शेण-पाल्यात थर देऊन कुजवतोय, उन्हाळ्यात नारळाला घालू. केळीने मात्र ताज्यावरही तक्रार केली नाही.

हिशोब केला. खुराडं ११,८०० रुपये, पिल्लं ६००, खाद्य आजवर ९,४००, औषधं-लस ७५०. आले: कोंबडे २,२००, विकलेली अंडी २,६४०. घरात खाल्लेली आणि वाटलेली अंडी थोरलीने वेगळी मोजलीत: ३०७. त्यांची किंमत लावायची नाही असं आई म्हणते.

१४ डिसेंबर, रविवार

झिपरी खुडूक. तांबडीची लेक, डोक्यावर तसाच तुरा. तीन दिवस खोपट्यातून उठत नव्हती, हात घातला की पिसं फुगवून तोच खालचा आवाज.

संध्याकाळी बसवली, त्याच टोपलीत. नवी राख, नवा पेंढा. राजा तिचा भाऊ, म्हणून तिची स्वतःची अंडी घेतली नाहीत: ५ ग्रामप्रियांची, ६ पलीकडच्या वाडीतून. धाकट्याने खिळा शोधून आणला.

बसवण्याआधी चौकोन बघितले. तिचे तीन भरलेले, ऑक्टोबरचा चौथा थोरलीने हाताने आखून भरलाय.

टॉर्चवर बघणे: २१ डिसेंबर. निघतील: ४ जानेवारी. पिल्लांना लासोटा: ११ जानेवारी, रविवार, सकाळी सात. बर्फ काकींच्या फ्रीजमधून, आदल्या रात्री सांगणे.